टायर बनवणाऱ्या कंपनीकडून एका डोळ्याच्या पायलटने सूट शिवून घेतला आणि स्पेससूटचा पाया घातला गेला

अंतराळातल्या लढाईचा कुठलाही सिनेमा आठवा. हिरो पळत पळत त्याच्या फायटर यानाकडे जातो. अंगात जाडजूड सूट, छातीवर नळ्या-बटणांचा डबा, हातात हेल्मेट. काच खाली, बटण दाबलं, की यान भुर्रकन वर.

आपण पॉपकॉर्न खात ते बघतो आणि सोडून देतो. पण असा सूट खरोखर बनवायला बसलं की पहिल्याच फटक्यात एक लफडं समोर येतं. माणसाला वाचवायचं तर सूट चिलखतासारखा घट्ट पाहिजे आणि माणसाला विमान चालवायचं तर सूट मऊ पाहिजे. दोन्ही एकत्र जमता जमत नाही.

1934 साली एक गडी या भानगडीत पडला. त्याला एकच डोळा होता. त्याने जेलची हवा खाल्ली होती. आणि तोपर्यंत तो एकट्याने विमानातून जगाला चक्कर मारणारा पहिला माणूस झाला होता.

नाव, वायली पोस्ट.

पोस्टचा जन्म 22 नोव्हेंबर 1898 चा. टेक्सासमधल्या ग्रँड सलाईन गावाजवळ घरची कापसाची शेती. पुढे कुटुंब ओक्लाहोमात गेलं. पोराचं ना शेतीत लक्ष, ना शाळेत. 1913 मध्ये लॉटन गावच्या जत्रेत त्याने पहिल्यांदा विमान बघितलं आणि विषयच संपला. त्यानंतर त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

आता विमान वेड लावतं, पण पैसे देत नाही. पहिलं महायुद्ध सुरू होतं तेव्हा तो लष्करात पायलट व्हायला निघाला, ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत युद्धच संपलं. मग तेलविहिरींवर मजुरी केली. तिथला धंदा कधी तेजीत तर कधी मंदीत. अशाच एका वाईट काळात गडी वाट चुकला आणि 1921 मध्ये सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात पकडला गेला. शिक्षा झाली 10 वर्षांची. साधारण वर्षभर आत काढल्यावर तो पॅरोलवर सुटला.

1924 मध्ये तो एका फ्लाइंग सर्कसमध्ये लागला. काम काय, तर जत्रेत जमलेल्या लोकांसमोर विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायची. पण स्वतःचं विमान घ्यायला पैसे कुठून आणणार? म्हणून परत तेलविहिरीवर.

आणि तिथे 1 ऑक्टोबर 1926 ला लोखंडाची एक कपची उडून त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि डोळा गेला.

पायलट व्हायचं स्वप्न बघणाऱ्या माणसाचा एक डोळा जाणं म्हणजे सगळं संपल्यातच जमा. अंतराचा अंदाज घ्यायला दोन डोळे लागतात, आणि विमान उतरवताना तोच अंदाज चुकला तर माणूस जातो. पोस्टने काय करावं? एका डोळ्याने अंतर ओळखायची स्वतःच प्रॅक्टिस सुरू केली. झाड किती लांब असेल याचा मनात अंदाज बांधायचा, मग पावलं मोजत जाऊन खातरजमा करायची. आणि नुकसानभरपाईचे जे 1,800 डॉलर मिळाले, त्यातून त्याने जुनं विमान विकत घेतलं.

पुढची काही वर्षं पटापट सांगतो, कारण मुद्द्याची गोष्ट सूटची आहे. एफ. सी. हॉल नावाच्या तेलवाल्या शेठने त्याला पायलट म्हणून ठेवलं. शेठचं लॉकहीड व्हेगा विमान होतं, त्याला शेठने आपल्या पोरीचं नाव दिलेलं, विनी मे. याच विमानातून 1931 मध्ये पोस्ट आणि नेव्हिगेटर हॅरोल्ड गॅटी यांनी 8 दिवस 15 तास 51 मिनिटांत जगाला फेरी मारली. आधीचा रेकॉर्ड 21 दिवसांचा होता, तोही ग्राफ झेपेलिन या महाकाय हवाई जहाजाचा. 1933 च्या जुलैमध्ये पोस्ट एकटाच निघाला. सोबतीला फक्त नवीन ऑटोपायलट आणि रेडिओ. 7 दिवस 18 तास 49 मिनिटांत तो न्यूयॉर्कला परत आला. जेलमधून सुटलेल्या पोराला बघायला आता हजारोंची गर्दी जमली होती.

इथे दुसरा कोणी असता तर भाषणं ठोकत, हार गळ्यात घालत आयुष्य काढलं असतं. पोस्टच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता.

ऑस्ट्रेलियातला चॉकलेटवाला उद्योगपती मॅकफर्सन रॉबर्टसन याने लंडन ते मेलबर्न अशी विमानांची शर्यत जाहीर केली होती. ऑक्टोबर 1934 मध्ये ती होणार होती. पोस्टचं विमान लाकडी प्लायवूडचं आणि तोवर जुनं झालेलं. समोर नवी कोरी, धातूची विमानं. सरळ शर्यतीत विनी मे हरणार हे त्याला कळत होतं.

मग त्याने गणित मांडलं. जितकं वर जाऊ तितकी हवा विरळ. हवा विरळ म्हणजे विमानाला अडवणारं कमी, म्हणजे त्याच इंजिनात वेग जास्त. वर जोरदार वारेही असतात, ते पाठीमागून मिळाले तर लॉटरीच. इंजिनाला विरळ हवा पुरत नाही, त्यावर सुपरचार्जर हा उपाय होता.

पण माणसाला कोण सुपरचार्जर लावणार?

40 हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असतो. तापमान शून्याखाली 50 च्याही खाली. या उंचीपर्यंत शुद्ध ऑक्सिजनचा मास्क कसाबसा साथ देतो. त्याच्या वर गेलं की मास्कमध्ये 100 टक्के ऑक्सिजन असूनही उपयोग नाही, कारण फुफ्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलायला दाबच उरत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो.

आज आपण विमानात बसतो तेव्हा अख्खी केबिन हवेच्या दाबाने भरलेली असते. विनी मेला तसं करता येणं शक्यच नव्हतं. प्लायवूडच्या फटींतून सगळी हवा बाहेर पडली असती. म्हणून पोस्टने उलटा विचार केला. विमान हवाबंद होत नाही ना? मग माणूस हवाबंद करू.

ही कल्पना फक्त त्यालाच सुचली होती असं नाही. 1933 मध्ये इंग्लंडमध्ये पाणबुड्यांच्या सूटवरून तयार केलेला एक सूट प्रयोगशाळेच्या दाबकक्षात तपासला गेला होता. पण खोलीत खुर्चीवर बसून राहणं वेगळं आणि तो घालून विमान हाणणं वेगळं.

हवा बाहेर जाऊ न देणाऱ्या रबराचं काम कोणाला कळतं? टायरवाल्यांना. पोस्ट गेला बी. एफ. गुडरिच कंपनीकडे.

पहिला सूट रबर लावलेल्या पॅराशूटच्या कापडाचा होता. वरचा आणि खालचा असे दोन तुकडे, कमरेला जोड. टेस्टिंगमध्ये कमरेच्या जोडातून हवा गळायला लागली. सूट बाद.

दुसरा सूट ओहायोतल्या अॅक्रनमध्ये रसेल कॉली नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झाला. पण मधल्या काळात पोस्टचं वजन वाढलं होतं. ऐन उन्हाळ्यात त्याने तो सूट कसाबसा चढवला आणि त्यात अडकला. घामाघूम. निघता निघेना. शेवटी त्याला गोल्फचे बॉल ठेवायच्या थंड खोलीत नेलं, तरीही जमलं नाही. मग कात्री घेतली आणि सूट फाडून जगज्जेत्या पायलटला बाहेर काढलं. मला या अख्ख्या गोष्टीत हा प्रसंग सगळ्यात भारी वाटतो, कारण दोघांनीही यानंतर नाद सोडला नाही.

तिसऱ्या सूटमध्ये कॉलीने खरी मेख पकडली.

अडचण काय होती ते समजून घ्या. रबराच्या पिशवीत हवा भरली की ती फुगते. माणूस आत असेल तर हात-पाय ताठ होतात, फुग्याच्या कुत्र्यासारखे. कोपर वाकवायला जोर लावावा लागतो, आणि सोडलं की हात परत सरळ. असा माणूस स्टिअरिंग काय धरणार आणि बटणं काय दाबणार?

कॉलीने दोन कामं वेगळी केली. आत रबराची पिशवी, तिचं काम फक्त हवा धरून ठेवायचं. बाहेर न ताणणारं मजबूत कापड, त्याचं काम पिशवीला फुगू न द्यायचं. सायकलचं बघा ना, आत ट्यूब असते आणि बाहेर टायर. ट्यूब नुसतीच भरली तर फुगून फुटेल, टायर तिला आकारात ठेवतो. टायर कंपनीच्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही.

दुसरी युक्ती त्याहून साधी. सूट उभ्या माणसाच्या मापाने शिवायचाच नाही. पायलट विमानात बसलेला असतो, त्यामुळे कॉलीने सूटचा साचाच बसलेल्या माणसाचा केला. म्हणजे हवा भरल्यावर सूट जो ताठ होणार, तो बसलेल्या अवस्थेतच ताठ होणार. उभं राहून चालताना त्रास होईल, होऊ दे. उडायचंय, फिरायला जायचं नाही.

कमरेचा जोड काढून टाकला. आत शिरायचं ते गळ्याच्या मोठ्या भोकातून, आधी पाय घालून. वरून अॅल्युमिनियमचं डबड्यासारखं हेल्मेट, त्याला गोल खिडकी, आणि ते मानेपाशी नटांनी आवळायचं. ऑक्सिजन हेल्मेटमध्ये काचेच्या बाजूने सोडला जायचा, म्हणजे काचेवर श्वासाची वाफ धरायची नाही. द्रवरूप ऑक्सिजनची टाकी विमानात.

5 सप्टेंबर 1934. शिकागोवर पोस्ट हा सूट घालून 40 हजार फुटांपर्यंत गेला आणि धडधाकट खाली आला. प्रेशर सूट घालून विमान उडवणारा तो पहिला माणूस. मेलबर्नची शर्यत मात्र हुकली, विमान वेळेत तयार झालं नाही. पण डिसेंबरमध्ये ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलवरून तो साधारण 50 हजार फुटांपर्यंत पोचला, म्हणजे 15 किलोमीटर. एव्हरेस्टवर अजून पाऊण एव्हरेस्ट ठेवा. उंची मोजणाऱ्या यंत्रांनी दगा दिल्यामुळे तो रेकॉर्ड अधिकृत धरला गेला नाही.

वर त्याला प्रचंड वेगाचे वारे भेटले. आज आपण त्यांना जेट स्ट्रीम म्हणतो. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून ते आधीच मोजले होते, पण आपला अहवाल छापला एस्पेरांतो भाषेत, त्यामुळे कोणी वाचलाच नाही. त्या वाऱ्यांवर स्वार होणाऱ्या पहिल्या काही माणसांत पोस्ट होता.

मग त्याने लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क वरच्यावर उडून जायचं ठरवलं. वजन आणि अडथळा कमी करायला भावाने विमानाची चाकंच उडाल्यावर खाली टाकून द्यायची सोय केली. उतरताना पोटाखालच्या लाकडी पट्टीवर घसरत थांबायचं.

22 फेब्रुवारी 1935 ला पहिला प्रयत्न. अर्ध्या तासात इंजिन गेलं आणि पोस्टने मोहावी वाळवंटात म्युरॉकच्या सुकलेल्या तलावात विमान पोटावर उतरवलं. नंतर इंजिनात एमरी पावडर सापडली, म्हणजे कोणीतरी घातपात केला होता असं मानलं गेलं.

पण त्याआधी तिथे जे घडलं ते कुठल्याही सायन्स फिक्शनवाल्याला सुचलं नसतं. पोस्टला स्वतःचं हेल्मेट एकट्याने काढता येत नव्हतं. म्हणून तो तसाच, बसक्या साच्याच्या सूटमध्ये फेंगडत, मदत शोधत निघाला. जवळच एक माणूस आपल्या गाडीशी खटपट करत होता. त्याने मान वर केली तर समोर डोक्याच्या जागी धातूचं डबडं आणि एकच गोल डोळा असलेला प्राणी चालत येतोय. 1935 साल, स्पेससूट कोणी बघितलेला नाही. त्या बिचाऱ्याची बेशुद्ध पडायचीच बाकी होती. भीती ओसरल्यावर त्यानेच हेल्मेट काढायला मदत केली.

याच म्युरॉकला पुढे एडवर्ड्स एअर फोर्स बेस उभा राहिला आणि अंतराळातून परतलेली स्पेस शटल तिथेच उतरली.

15 मार्चला पुन्हा प्रयत्न. ऑक्सिजन संपत आल्यामुळे क्लीव्हलंडला उतरावं लागलं, पण तोवर 2,035 मैल 7 तास 19 मिनिटांत कापले होते. सरासरी ताशी 279 मैल, मधे मधे 340 च्या पुढे. जुन्या लाकडी विमानाचा हा वेग ऐकून विमानवाल्यांचे डोळे पांढरे झाले. पण न्यूयॉर्क काही गाठता आलं नाही. एकूण चार प्रयत्न झाले, चारही वाटेतच थांबले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वेगळ्याच विमानातून अलास्काला निघाला. अमेरिका ते रशिया असा टपाल आणि प्रवाशांचा मार्ग शोधायचा होता. सोबत होता विल रॉजर्स, तेव्हाचा अमेरिकेतला सगळ्यात लाडका विनोदवीर, सिनेमातला स्टार आणि पेपरातला स्तंभलेखक. विमान जोडाजोडीचं. धड लॉकहीडच्या एका मॉडेलचं, पंख दुसऱ्याचे. पाण्यावर उतरायचे तराफे मागवले होते ते आले नाहीत, म्हणून दुसऱ्याच विमानाचे मोठे तराफे बसवलेले. त्यामुळे नाकाकडे वजन जास्त. ज्या माणसाने कमरेच्या एका जोडासाठी सूट परत शिवून घेतला, त्याने हे विमान कसं चालवून घेतलं, हे मला काही झेपत नाही.

15 ऑगस्ट 1935 ला धुक्यात रस्ता चुकल्यावर पॉइंट बॅरोजवळ एका खाडीत उतरून त्यांनी तिथल्या लोकांना वाट विचारली. परत उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं, विमान नाकावर पाण्यात आपटलं. दोघंही जागीच गेले. 50 हजार फुटांवरून परत आलेला पोस्ट पाण्यापासून थोड्याशाच उंचीवरून पडून गेला. वय 36.

रसेल कॉली गुडरिचमध्येच राहिला. दुसऱ्या महायुद्धात बागेतली टोमॅटोवरची अळी अंग कसं वाकवते ते बघून त्याने सूटच्या सांध्यांना घड्या द्यायची कल्पना काढली. पुढे नासाच्या मर्क्युरी मोहिमेचा चंदेरी सूट गुडरिचनेच बनवला आणि त्यामागेही कॉलीच होता. 1961 मध्ये अॅलन शेपर्ड, म्हणजे अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन, तोच सूट घालून वर गेला.

पोस्टच्या बायकोने, मे पोस्टने, विनी मे विमान 25 हजार डॉलरला स्मिथसोनियन संस्थेला दिलं. तिसरा सूटही आज त्याच संस्थेच्या विमान संग्रहालयाकडे आहे, त्या गोल खिडकीच्या हेल्मेटसकट.