विश्लेषण : मांजरीच्या आराखड्याआधी धनंजयराव गाडगीळ का आठवावेत?

मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आले. ऊस आणि भाजीपाल्याच्या रानातून डीपी रस्ता कुठून जाणार, कोणाच्या गटावर आरक्षण पडणार, हे प्रश्न त्याबरोबर आले. शहर वाढते तेव्हा माणसांच्या पोटापाण्याचे काय होते, याचा हिशेब पुण्यात बसून मांडणारा अर्थतज्ज्ञ म्हणजे डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ. त्यांना जाऊन अर्धशतक उलटले, तरी त्यांची हिशेबाची रीत मांजरीला आज उपयोगी पडेल अशी आहे.

हे गाडगीळ कोण?

काकासाहेब गाडगीळांशी त्यांची अनेकदा गल्लत होते. काकासाहेब राजकारणी, केंद्रीय मंत्री. धनंजयराव अर्थशास्त्रज्ञ आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांचे वडील. जन्म १९०१ चा. केंब्रिजमध्ये असताना भारतातील उद्योगांच्या वाटचालीवर त्यांनी प्रबंध लिहिला. १९२४ मध्ये तो पुस्तकरूपाने आला आणि पुढे अनेक पिढ्यांनी अभ्यासला. काही वर्षे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून ते पुण्यात आले. रावबहादुर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. पुढची साडेतीन दशके त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

पुण्याच्या परिसरात घरोघरी जाऊन आकडे गोळा करण्याची परंपरा त्याआधीची. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. आज टॉवरांनी भरलेल्या त्या गावात तेव्हा १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे होते आणि त्यातले ४६३ एक एकरापेक्षा लहान. पाहणी केलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ शेतीवर नीट भागत होते ते आठांचे. गाव शहराने गिळण्याच्या कितीतरी आधी तुकड्यांनी पोखरले होते. गुंठ्यांचे व्यवहार पाहणाऱ्या मांजरीकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

गाडगीळांनी ही रीत बाजारात आणि शहरात नेली. पुण्यातील फळबाजाराची पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत अडते आणि दलालांच्या साखळीतून कसे जाते, हा तिचा विषय. मग पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये आला. विडी कामगार, विणकर, तांबट, छोटे कारखानदार यांच्या घरात किती हात कमावतात, किती तोंडे खातात, याची ती नोंद होती. पन्नाशीच्या दशकात संस्थेने याच शहराची फेरपाहणीही केली. पाहणी एकदा करून कपाटात ठेवायची नसते, हे तेव्हाच्या पुण्याला ठाऊक होते.

ऊस विकायचा की साखर?

गाडगीळ केवळ आकड्यांत रमले असते, तर ते ग्रंथालयापुरते उरले असते. पण नगर जिल्ह्यातील लोणीला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढायला निघाले, तेव्हा गाडगीळ त्यांच्यासोबत उभे राहिले आणि प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्या भागात कालव्याचे पाणी होते, ऊस होता, पण कारखानदारी खासगी. शेतकऱ्याच्या हाती फक्त कच्च्या मालाचे पैसे पडत आणि प्रक्रियेतला नफा दुसरीकडे जाई. प्रवरेला ही वाटणी बदलली. १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले आणि ऊस घालणाराच कारखान्याचा भागधारक ठरला.

सहकाराचे पुढे काय झाले हेही लपवण्यासारखे नाही. मांजरीजवळच्या थेऊरचा यशवंत कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला.

पुढे गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटताना ६० टक्के वजन लोकसंख्येला देणारे गाडगीळ सूत्र १९६९ चे. बँकांनी जिल्हा हा घटक धरून काम करावे, ही त्यांच्या अभ्यासगटाची शिफारसही त्याच वर्षीची. तिच्यातूनच अग्रणी बँक योजना आली. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून परतताना रेल्वे प्रवासातच त्यांचे निधन झाले.

मांजरीशी संबंध काय?

मांजरीत आज ऊस संशोधनाची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. अण्णासाहेब मगर उपबाजारात शेतकरी किरकोळ विक्रेत्याला थेट माल देतो, म्हणजे १९३३ च्या पाहणीतली साखळी इथे बरीच आखूड झाली आहे. गाव महापालिकेत आले, तशी इथली जमीनही कच्चा माल झाली. एकरकमी पैसे घेऊन ती बिल्डरला दिली, की पुढच्या वाढीव किमतीत मूळ मालकाचा वाटा संपतो. शेजारच्या हडपसरात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी वेगळे केले. सुमारे १२० कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र आणून स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. ती सहकारी संस्था नव्हे, पण हिशेब प्रवरेचाच वाटतो. मात्र तिथे वाटा मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. शेतमजूर, वाटेकरी, भाजी तोडणाऱ्या बाया त्या हिशेबात नव्हत्या. गाडगीळांच्या पाहणीत अशा माणसांची नोंद होती.

मांजरीसह २३ गावांचा आराखडा कोणी करायचा, यावर आधी बराच वाद झाला. जुलै २०२१ मध्ये राज्य सरकारने पीएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. आराखडा कोणीही केला, तरी १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो. कोणत्या गटात ऊस, कोणत्या गटात घरे, गोदाम किंवा विहीर, हे त्यात दिसते. त्या उसावर किती चुली पेटतात, हे त्यात नोंदवावे लागत नाही.