अल्लामा इब्ने नफीस (रह.) : हृदयाची भिंत आणि रक्ताची वाट

एखाद्या बालकाच्या हृदयाला छिद्र असल्याचे निदान झाले, की सारे घर हवालदिल होते. हृदयाच्या उजव्या व डाव्या कप्प्यांमधील भिंत अखंड हवी, हे आज सामान्य माणसासही ठाऊक आहे. परंतु सुमारे हजार वर्षे जगातील थोर वैद्य असे मानत होते, की प्रत्येक निरोगी हृदयाच्या या भिंतीला सूक्ष्म छिद्रे असतातच. ही समजूत ज्यांनी लेखी खोडून काढली ते अलाउद्दीन अली अल-कर्शी, अर्थात इब्ने नफीस (रह.), वैद्य तर होतेच, शिवाय शाफई फिकहचे मुदर्रिसही होते. कोकणातील आपल्या शाफई वाचकांना याचे विशेष अप्रूप वाटावे.

इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आरंभी दमिश्कच्या परिसरात त्यांचा जन्म झाला. सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी दमिश्कमध्ये उभारलेल्या बीमारिस्तानात मुहज्जबुद्दीन दख्वार या नामवंत हकिमांपाशी त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे ते काहिऱ्यास गेले आणि तेथेच स्थिरावले. मसरूरिया मदरशात ते फिकह शिकवीत. वैद्य म्हणून त्यांची कीर्ती सुलतान बैबर्सच्या दरबारापर्यंत पोहोचली. चरित्रकार सांगतात, की लिहावयास बसताना ते अनेक बोरू आधीच तासून ठेववीत. एक बोथट झाला की टाकून दुसरा उचलीत, म्हणजे विचारांची धार तुटू नये. एकदा हमामात स्नान अर्धवट सोडून बाहेर आले, कागद मागवून नाडीपरीक्षेवर एक रिसाला लिहिला आणि मगच पुन्हा आत गेले!

इ. स. 1242 च्या सुमारास त्यांनी इब्ने सीना यांच्या ‘अल-कानून’मधील शरीररचनेच्या भागावर शरह लिहिली. ग्रीक वैद्य जालिनूस यांचे म्हणणे असे, की उजव्या कप्प्यातील रक्त भिंतीच्या छिद्रांतून पाझरून डाव्या कप्प्यात जाते. इब्ने सीनांनीही ते स्वीकारले होते. इब्ने नफीस यांनी निःसंदिग्ध शब्दांत लिहिले, की ही भिंत जाड व भरीव आहे. तिला दिसणारे छिद्र नाही आणि न दिसणारेही नाही. मग रक्त डावीकडे पोहोचते कसे? उजव्या कप्प्यातून ते रक्तवाहिनीने फुप्फुसात जाते, तेथे पसरून हवेशी मिसळते आणि दुसऱ्या वाहिनीने डाव्या कप्प्यात उतरते. या दोन वाहिन्यांमध्ये बारीक वाटा असल्या पाहिजेत, हेही त्यांनी नोंदवले. सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या मालपिगी यांनी पाहिल्या, त्या 1661 साली. हृदयाचे पोषण त्याच्या मांसातूनच जाणाऱ्या वाहिन्यांकडून होते, असेही मत त्यांनी मांडले. आज अँजिओग्राफीत तपासतात त्या याच वाहिन्या.

मदरशात शरह वाचलेल्यांना ही रीत परिचित असेल. मतन आदराने समोर ठेवावे आणि जेथे दलील साथ देत नाही, तेथे स्पष्ट मतभेद नोंदवावा. माझ्या मते, फिकहच्या शिस्तीनेच त्यांना हे धैर्य दिले. शरीअत आणि स्वभावातील करुणा यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. काही अभ्यासकांना मात्र ते पटत नाही.

मात्र सभांतून संपूर्ण रक्ताभिसरणाचा शोध त्यांच्या नावावर सांगितला जातो, तो आवरावा. रक्त यकृतात तयार होते, ही जुनी समजूत त्यांच्याही लेखनात आहे. रक्त सर्व शरीरात फिरून हृदयाकडे परतते, हे हार्वे यांनी 1628 साली सिद्ध केले. फुप्फुसाची वाट प्रथम इब्ने नफीस यांनी सांगितली. एवढा मान पुरेसा मोठा आहे.

अखेरच्या आजारात वैद्यांनी औषध म्हणून मद्य सुचविले. पोटात मद्य घेऊन अल्लाहसमोर जाण्यास त्यांनी नकार दिला. हिजरी 687 मध्ये, डिसेंबर 1288 मध्ये, काहिऱ्यात त्यांचा इंतकाल झाला. घर आणि ग्रंथसंग्रह त्यांनी मन्सूरी बीमारिस्तानास देऊन टाकला होता.

त्यांचा ‘मूजज’ हा ‘कानून’चा सारग्रंथ पुढे शतकानुशतके हिंदुस्थानातील हकीम मंडळीही अभ्यासत राहिली. पण त्यात शरीररचनेचा भाग घेतलेला नव्हता. तो होता त्या शरहमध्ये, आणि तिचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात मुहियुद्दीन तत्तावी या इजिप्ती डॉक्टरांच्या दृष्टीस पडले, तेव्हा 1924 साल उजाडले होते.