तांब्याने राखलेला दोरा
१९०८ साली मुंबईत जन्मलेले हसमुख सांकलिया इतके अशक्त होते, की हे बाळ जगेल असे कुणाला वाटत नव्हते. ते ऐंशी वर्षे जगले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवता शिकवता १९५४ पासून त्यांनी आपल्या नेवाशाला, प्रवरेकाठी उत्खनन केले. तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, आत रेशीम-कापसाचा दोरा शाबूत! बुडालेल्या जहाजाचे लाकूड गाळात प्राणवायूअभावी टिकते. इथे तशी सोय नव्हती. दोरा केव्हाच कुजायचा. पण तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात, म्हणून मण्यांच्या आत तेवढा वाचला. बाळ दगावल्याची नोंद करताना मला ती माळ ओवणारे हात आठवतात.