सर वॉल्टर स्कॉट आणि त्याच्या दोन गढ्या

स्कॉटलंडांतील किल्ले म्हटले म्हणजे एडिंबरोचा उंच खडकावरील किल्लाच बहुधा वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहील. आम्ही मात्र त्यांस प्रथम त्या देशाच्या दक्षिण सरहद्दीवरील स्मेलहोम नांवाच्या गढीकडे नेणार आहों. उजाड खडकावर उभा असलेला हा एक चौकोनी मनोरा. उंची सुमारें ६५ फूट. तळाशीं दगडी कमानीची कोठी, तिच्यावर दिवाणखाना, त्याच्यावर निजावयाच्या खोल्या, आणि चढावयास अरुंद चक्राकार जिना. भिंती फार जाड, खिडक्या लहान. सरहद्दीवरील लोक एकमेकांची गुरें लुटून नेत, त्या काळीं शोभेसाठीं कोणी भिंत बांधीत नसे.

या गढीजवळच वॉल्टर स्कॉटच्या आजोबांचें शेत होतें. स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजीं एडिंबरो येथें झाला. दीड वर्षाचा असतां आजारानें त्याचा उजवा पाय अधू झाला, म्हणून मोकळ्या हवेसाठीं आईबापांनीं त्याला येथें धाडलें. ज्या वयांत इतर मुलें धांवतात, त्या वयांत हा मुलगा गवतावर पडून राही व आजीच्या आणि आत्याच्या तोंडून जुन्या लढायांच्या गोष्टी व गाणीं ऐके.

पुढें तो वकील झाला, कवि झाला, आणि १८१४ पासून निनांवी कादंबऱ्या लिहून सर्व युरोपांत गाजला. १८१८ मध्यें एडिंबरोच्या किल्ल्यांत शंभरावर वर्षें बंद असलेली पेटी उघडून स्कॉटलंडचा राजमुकुट बाहेर काढण्यांत आला, त्यामागें खटपट स्कॉटचीच होती.

परंतु लहानपणची गढी त्याच्या मनांतून गेली नाहीं. १८११ मध्यें त्यानें ट्वीड नदीच्या कांठीं एक साधें शेत विकत घेतलें, त्याला ॲबट्सफर्ड हें नांव दिलें, आणि तेथें हळूहळू बुरुजांचा व कंगोऱ्यांचा वाडा उभा केला. लिन्लिथगोच्या राजवाड्यावरून त्यानें आपली देवडी बनविली. एडिंबरोचा जुना तुरुंग पाडला तेव्हां त्याचा दरवाजा आणून भिंतींत बसविला. मौज ही कीं, अशा जुन्या थाटाच्या घरांत दिवे मात्र गॅसचे होते! स्मेलहोमच्या भिंती शत्रूसाठीं होत्या. ॲबट्सफर्डचे बुरूज केवळ मालकाच्या हौसेसाठीं होते, आणि ती हौस महाग पडली.

अद्याप न लिहिलेल्या पुस्तकांच्या भरंवशावर त्यानें पैसा खर्च केला होता. शिवाय एका छापखान्यांत त्याची गुप्त भागीदारी होती. १८२६ च्या जानेवारींत प्रकाशक व छापखाना दोन्ही बुडाले, आणि सव्वा लाख पौंडांच्या आसपास कर्ज त्याच्या शिरावर आलें. यांत सारा दोष दैवाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि दिवाळें काढून मोकळें होण्याची वाट त्यानें धरली नाहीं, व मित्रांचा पैसाही घेतला नाहीं. लेखणीनेंच सर्व फेडण्याचें त्यानें धनकोंपाशीं कबूल केलें. मे महिन्यांत पत्नी वारली. लिहिणें थांबलें नाहीं. नेपोलियनचें नऊ खंडांचें चरित्र १८२७ सालीं बाहेर पडलें. १८३० मध्यें पक्षाघाताचा झटका आला तरी तो लिहीतच राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस धनकोंनीं त्याची पुस्तकें व घरांतील सामान त्यास भेट म्हणून परत दिलें.

शेवटीं सरकारी जहाजांतून तो भूमध्य समुद्राकडे हवापालटास गेला. पण गुण आला नाहीं. घरीं परतल्यावर २१ सप्टेंबर १८३२ रोजीं ॲबट्सफर्ड येथेंच त्याला देवाज्ञा झाली. उरलेलें कर्ज त्याच्या ग्रंथांच्या उत्पन्नांतून फिटलें. दुसऱ्याच वर्षीं तो वाडा लोकांस पाहावयास खुला झाला. तुरुंगाचा तो दरवाजा अजून भिंतींत आहे.