मक्याच्या कणसात स्वातंत्र्य शोधणारा क्रांतिकारक

पावसाळा सुरू झाला की वाकोल्यापासून मुलुंडपर्यंत नाक्यानाक्यावर निखाऱ्यांवर कणसे भाजली जातात. कणीस सोलताना हाताला लागणारे रेशमी केस म्हणजे मक्याच्या मादीफुलांचे स्त्रीकेसर. प्रत्येक केसामागे एक दाणा असतो आणि केसावर परागकण पडला तरच तो भरतो. एका ताटावर कणसे किती यावीत आणि कणसात दाणे किती भरावेत, या प्रश्नाला एका मराठी माणसाने आपल्या उमेदीची वर्षे वाहिली, तीही सातासमुद्रापार मेक्सिकोत. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्ध्याचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा ते शाळकरी वयात होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण सशस्त्र क्रांतीचे स्वप्न घेऊन जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. तेथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्राचा अभ्यासही केला. बंदूक आणि बी-बियाणे या दोन्ही वाटा त्यांच्या आयुष्यात अशा एकाच वेळी सुरू झाल्या. गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन आणि १९२१ मध्ये मॉस्को असा प्रवास झाला. मायदेशाचे दरवाजे बंद असल्याने १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले.

मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन करताना खानखोजे यांनी मक्यावर संशोधन आरंभले. मक्याचा फुलोरा इतर तृणधान्यांहून निराळा असतो. गहू आणि भाताच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र नांदतात. मक्यात मात्र शेंड्यावरचा तुरा नर आणि पानाच्या बगलेतले कणीस मादी. त्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे हे गवत फांद्याफांद्यांचे आणि पुष्कळ लहान कणसांचे, पण एका कणसात दाणे जेमतेम डझनभर आणि तेही कठीण कवचात. खानखोजे यांनी मका आणि टिओसिंटे यांचा संकर केला. एका जागी अनेक कणसांचा गुच्छ धरणाऱ्या मक्यावर त्यांनी १९३६ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. या मक्याचे नाव ‘ग्रनादा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब.

त्या काळी जनुकाची रासायनिक ओळखही पटलेली नव्हती. संशोधकाच्या हाती होते ते डोळे, निवड आणि संयम. या फुलोऱ्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, हे पुढच्या पिढ्यांनी उलगडले. मक्याच्या कोवळ्या फुलात नर आणि मादी दोन्ही अवयवांचे अंकुर असतात. तुऱ्यातील मादी अंकुर नष्ट करणारे एक जनुक १९९३ मध्ये ओळखले गेले. टिओसिंटेच्या फांद्यांना आवर घालून मक्याला एकदांडी रूप देण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्या जनुकाचा उलगडा १९९७ मध्ये झाला. कणसाला फाटे फुटू न देणारे जनुक २००५ मध्ये हाती आले.

खानखोजे यांची धडपड प्रयोगशाळेपुरती नव्हती. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा चालवल्या. टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे टिपली. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात, अन्न वाटून खाणाऱ्या पंक्तीत त्यांना स्थान दिले. पराक्या देशाने केलेला हा गौरव मायभूमीतील फार थोड्यांना ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ते भारतात आले, पण कायमचे परतायला १९५५ उजाडले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. त्या रब्बी हंगामात, १९६६ मध्ये मेक्सिकोतून आणलेल्या अठरा हजार टन बियाण्याचा बुटका गहू भारतीय शेतांत उभा होता. ते वाण इतरांनी घडवले होते. पण भुकेपासून मुक्ती मिळाल्याखेरीज स्वातंत्र्य अपुरे, आणि त्या मुक्तीची एक वाट मेक्सिकोच्या शेतातून जाते, हे वर्ध्याच्या या क्रांतिकारकाने चार दशके आधीच ओळखले होते.