बेंजामिन फ्रँकलिन : साक्षेपी संचयाचे एक चरित्र

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे एक शिल्पकार आणि विजेसंबंधीच्या प्रयोगांचे कर्ते म्हणून बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव आमच्या वाचकांस परिचित असेलच. परंतु संसारी मनुष्यास अधिक जवळची अशी एक बाजू त्यांच्या चरित्रात आहे. बेताच्या मिळकतीतून पैसा कसा राखावा, कसा वाढवावा आणि पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडेल असा मागे कसा ठेवावा, हे त्यांनी आचरून दाखविले. ज्ञातीतील कुटुंबांपुढे आज आम्ही तीच बाजू ठेवीत आहो.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टन येथे झाला. वडील चरबीच्या मेणबत्त्या व साबण करीत. त्यांच्या सतरा अपत्यांत बेंजामिन पंधरावे. शाळा लाभली ती अवघी दोन वर्षे. बाराव्या वर्षी ते थोरल्या बंधूंच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागले. सोळाव्या वर्षी त्यांनी मांसाहार सोडला आणि आपल्या जेवणावर होणाऱ्या खर्चातील निम्मी रक्कम बंधूंकडून रोख मागून घेतली. तीतूनही निम्मी वाचवून ते ग्रंथ विकत घेत. काटकसर ही पोट मारण्यासाठी नसून काही मोठे साधण्यासाठी असते, हे त्या कोवळ्या वयातच त्यांनी ओळखले होते.

१७२३ साली ते फिलाडेल्फियास आले, तेव्हा त्यांच्यापाशी एक डच डॉलर व सुमारे शिलिंगभर तांब्याची नाणी होती. या काळात त्यांच्या हातून एक प्रमादही घडला. एका परिचिताच्या वतीने वसूल केलेले सुमारे ३५ पौंड त्यांच्याजवळ ठेव म्हणून होते. त्यांतील पैसा त्यांनी एका व्यसनी मित्रास उसना दिला, आणि तो परत आला नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी ती रक्कम व्याजासह फेडली. परंतु तोवर या चिंतेने त्यांना सोडले नाही. दुसऱ्याची ठेव ही आपली शिल्लक नव्हे, हा धडा त्यांना असा महाग पडला.

१७२८ मध्ये त्यांनी भागीदारीत छापखाना काढला. यंत्राचे देणे थकले, सावकाराने फिर्याद केली आणि धंदा बुडण्याची वेळ आली. त्या प्रसंगी दोघा मित्रांनी आपण होऊन कर्ज देऊ केले. १७३० पासून छापखाना एकट्या फ्रँकलिन यांचा झाला. साधा पोशाख, नियमित काम आणि विकत घेतलेला कागद स्वतः हातगाडीवरून रस्त्याने नेण्याची तयारी, यांमुळे त्यांची पत वाढली व कर्ज हळूहळू फिटले.

कर्जमुक्त झाल्यावर त्यांनी सर्व पैसा एकाच ठिकाणी गुंतवून ठेवला नाही. होतकरू कारागिरांना इतर गावी छापखाने काढून देऊन ते नफ्यात भाग घेत. चार्ल्सटन येथील भागीदार सज्जन होता, पण त्याचा हिशेब कधी नीट येत नसे. १७३८ मध्ये तो वारल्यावर त्याच्या विधवेने मुलाबाळांचा सांभाळ करीत दर तिमाहीस चोख हिशेब पाठविला आणि अखेर तो छापखाना आपल्या पुत्रासाठी विकत घेतला. ती मूळची हॉलंडची. तेथे मुलींस हिशेब शिकवीत. आपल्याकडेही मुलींस हे शिक्षण द्यावे, असे फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आग्रहाने सांगितले आहे. आमच्या कुटुंबांनी याची विशेष नोंद घ्यावी.

संकटाची तरतूदही ते विसरले नाहीत. १७५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने फिलाडेल्फियात आगीचा परस्पर विमा उतरविणारी संस्था उभी राहिली. तत्पूर्वीच, १७४८ साली, म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी, छापखाना भागीदाराच्या हाती सोपवून ते शास्त्र व लोककार्य यांसाठी मोकळे झाले होते. त्यांच्या चरित्रास डागही आहे : त्यांनी गुलाम बाळगले होते. उत्तरायुष्यात मात्र ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले.

१७९० साली ते निवर्तले. मृत्युपत्राच्या १७८९ च्या पुरवणीत त्यांनी बॉस्टन व फिलाडेल्फिया या नगरांस प्रत्येकी १००० पौंड ठेवले होते. तरुण, विवाहित कारागिरांस दोन जामिनांवर ५ टक्क्यांनी कर्ज द्यावे व त्यांनी ते दहा वार्षिक हप्त्यांत फेडावे, अशी ती योजना होती. तरुणपणी मित्रांकडून मिळालेल्या कर्जाचे हे स्मरणच होय. शंभर वर्षांत या रकमेचे १,३१,००० पौंड होतील, असा त्यांचा हिशेब होता. सरळ व्याजाने तितक्याच काळात केवळ ६००० पौंड झाले असते. चक्रवाढीतही पहिल्या पन्नास वर्षांअखेर सुमारे ११,५०० च दिसतात. खरी वाढ उरलेल्या पन्नासांत होते. मध्येच ठेव मोडणारा मनुष्य नेमक्या याच वाढीस मुकतो.

प्रत्यक्षात काय घडले? शंभर वर्षांनंतर निधीचा काही भाग खर्च करून उरलेला पुन्हा वाढू द्यावा, अशी व्यवस्था होती. दोनशे वर्षांची मुदत संपली तेव्हा, १९९० च्या सुमारास, बॉस्टनकडे ४५ ते ५० लाख डॉलर व फिलाडेल्फियाकडे सुमारे २० लाख डॉलर होते. फ्रँकलिन यांचा अंदाज दोन्हीकडे खरा ठरला नाही. कर्जे बुडाली, वसुलीत ढिलाई झाली आणि उमेदवारीची जुनी पद्धतही लयास गेली. बॉस्टनने पुष्कळशी रक्कम एका विमा कंपनीकडे व्याजाने ठेवून तिची निगा राखली, म्हणून तेथे अधिक उरले. शिवाय या दोन शतकांत महागाईने नाण्याची किंमतही घटविली. व्याजाचे कोष्टक अचूक असले, तरी ते माणसांच्या दक्षतेवाचून फळत नाही.

या चरित्राचा बोध आम्हांस असा वाटतो. प्रथम कर्ज फेडावे. अडीअडचणीसाठी शिल्लक व विमा यांची तरतूद करावी. मग जे उरेल ते महागाईचा विचार करून निरनिराळ्या ठिकाणी दीर्घ मुदतीसाठी गुंतवावे, आणि वर्षातून एकदा तरी त्याचा हिशेब पाहावा. तो हिशेब घरातील स्त्रियांस व मुलांसही ठाऊक असावा, कारण कर्ता पुरुष गेल्यावर ठेवी कोठे आहेत हेच कळले नाही, तर संचय असूनही कुटुंब उघडे पडते. वृक्ष लावणाऱ्यास त्याची छाया लाभतेच असे नाही. तरीही तो लावावा व राखावा. आमच्या प्रत्येक कुटुंबात असे एक रोप यंदा लागो, हीच आमची इच्छा.