स्वपक्षाचा पहारेकरी
फिरोझ गांधी १९१२ साली मुंबईत जन्मले. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगून १९५२ साली ते लोकसभेत आले. सत्ता स्वपक्षाची, पक्षनेते व पंतप्रधान नेहरू तर सासरेच. मौन पाळणे किती सोयीचे होते! परंतु आयुर्विमा महामंडळाने आपल्या गुंतवणूक समितीला न विचारताच मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे भाग खरेदी केले, तेव्हा डिसेंबर १९५७ मध्ये त्यांनी भर सभागृहात सरकारला जाब विचारला. न्यायमूर्ती छगलांची चौकशी झाली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. १९६० साली फिरोझ निवर्तले. त्यांच्या चरित्रातून आम्ही एवढेच घेतो की, लोकप्रतिनिधी हा मतदारांचा विश्वस्त असतो, नेत्याचा हुजऱ्या नव्हे.